चाचे, भाडोत्री बंदूकधारी आणि जहाजावरचा खलाशी : समुद्रावरचं संरक्षण कोण कोणाला विकतं?

पश्चिमवारा

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ‘रुएन’ हे जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर, जवळपास ४० तास ती कारवाई चालली. मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले, १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी. पण बातमी दोन दिवसांत मागे पडली आणि त्यामागचे प्रश्न तसेच राहिले. आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या अभ्यासकांनी या प्रश्नांवर गेल्या तीसेक वर्षांत बरंच काम केलंय. मराठीत ते फारसं आलेलं नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात जॅनिस थॉमसन या अमेरिकन अभ्यासक बाईंपासून करतो. भाडोत्री सैनिक, चाचे आणि सार्वभौम सत्ता यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. आज आपण गृहीत धरतो की शस्त्र वापरण्याचा अधिकार फक्त सरकारचा. थॉमसन दाखवतात की ही व्यवस्था फार जुनी नाही. १६०० च्या सुमारास युरोपातले राजेच खाजगी जहाजांना लुटीचे परवाने देत होते, परक्या सैनिकांच्या पलटणी भाड्याने घेत होते आणि व्यापारी कंपन्यांना फौजा बाळगू देत होते. हे बंद होत गेलं ते कोणाचं हृदयपरिवर्तन झालं म्हणून नव्हे. आपल्या माणसांनी परमुलखात केलेल्या हिंसेची जबाबदारी आपल्याच गळ्यात येते, हे राजसत्तांना कळलं. अमेरिकेने १७९४ मध्ये तटस्थतेचा कायदा केला, १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने परवानाधारक लूट बंद केली. या सगळ्याला दोन-अडीच शतकं लागली.

आता सोमालिया. १९९१ मध्ये सियाद बारेंचं सरकार कोसळलं आणि तटरक्षण नावाची गोष्टच उरली नाही. परदेशी ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत येऊन मासे ओरबाडू लागले. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढचा भाग स्टिग यार्ले हान्सेन या नॉर्वेजियन अभ्यासकाने तपशिलात मांडलाय, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोमालियाच्या ईशान्येकडच्या पुंटलँड या स्वायत्त प्रांताने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश खाजगी सुरक्षा कंपनीला तटरक्षक दल उभं करायचं कंत्राट दिलं. पगाराचा पैसा कुठून? परदेशी ट्रॉलरना मासेमारीचे परवाने विकून. म्हणजे ज्यांच्यापासून किनारा राखायचा, त्यांच्याच पैशावर दल पोसायचं. पुढे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. परवाने विकले जात राहिले, किनाऱ्यावरच्या कोळ्यांना त्यातलं काही मिळालं नाही. कंपन्या निघून गेल्या. होडीतून मोठ्या जहाजावर कसं चढायचं हे शिकलेली माणसं मात्र तिथेच राहिली. सगळे चाचे त्यातूनच निघाले असं कोणी म्हणत नाही. पण पुढे खंडणी मागणारे स्वतःला तटरक्षक म्हणवून घेत होते, ते काही हवेतून आलेलं नव्हतं.

पुढे २०१० नंतर त्याच पुंटलँडमध्ये चाचेगिरी मोडण्यासाठी सागरी पोलीस दल उभं राहिलं. पैसा संयुक्त अरब अमिरातीचा, प्रशिक्षक दक्षिण आफ्रिकेतले जुने भाडोत्री सैनिक. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेख गटाने २०१२ च्या अहवालात या सगळ्याला शस्त्रबंदीचा भंग ठरवलं.

मिशिगन विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जतीन दुआ यांची मांडणी इथे उपयोगी पडते. ते चाचा, विमा कंपनी, टोळीप्रमुख आणि बंदूकधारी पहारेकरी यांच्याकडे एकाच बाजारातले व्यापारी म्हणून पाहतात. सगळे विकतात तो माल एकच : सुखरूप पोचण्याची हमी. लंडनच्या विमा बाजाराच्या युद्धजोखीम समितीने मे २००८ मध्ये एडनचं आखात धोक्याच्या यादीत घातलं आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाचा खर्च वाढला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात १७९ जहाजं पळवली गेली आणि ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी दिली गेली. ही रक्कम चाच्यांची. याच भीतीवर विमा, वकील, वाटाघाटी करणारे आणि पहारेकरी यांचा जो धंदा उभा राहिला, तो वेगळा.

माझं म्हणणं एवढंच : हे संरक्षण विकणाऱ्यांपैकी कोण कोणाला उत्तरदायी आहे, हा या विषयातला मूळ प्रश्न आहे. आणि ज्याचा जीव पणाला लागतो तो खलाशी आणि तो मच्छीमार या हिशेबात कुठेच विचारला जात नाही. चर्चा व्हावी.

---

केतकी_र

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका. कायद्यात चाचेगिरी म्हणजे नेमकं काय? मागे मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या लुटीला चाचेगिरी म्हणता येत नाही असं वाचलं होतं. आणि येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाज पळवलं ते कशात बसतं?

---

पश्चिमवारा

केतकी, संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम १०१ आहे. घटना खुल्या समुद्रात हवी, एका खाजगी जहाजावरच्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेली हवी आणि हेतू खाजगी हवा. मलाक्कामध्ये बरीच लूट किनारी देशांच्या प्रादेशिक पाण्यात होते, म्हणून ती कागदोपत्री सशस्त्र दरोडा ठरते. सोमालियाच्या बाबतीत हीच अडचण होती. त्यामुळे सुरक्षा परिषदेला २००८ मध्ये ठराव १८१६ करून परदेशी नौदलांना सोमाली पाण्यात शिरायची मुभा द्यावी लागली.

हुथींनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘गॅलक्सी लीडर’ नेलं तेव्हा राजकीय हेतू खाजगी म्हणायचा का, यावर कायदेतज्ज्ञांत दोन तट पडले. त्यावरचे २५ खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले. हेतू कोणताही ठरो, त्यांची चौदा महिन्यांची कैद तेवढीच राहते.

---

निनाद७

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण सूर मला पटला नाही. चाच्यांच्या मागची कारणं समजून घेता घेता आपण त्यांना गरीब बिचारे कोळी करून टाकतो. २०१० साली जगभरात ११८१ खलाशी ओलीस धरले गेले, ८ मारले गेले. २०११ मध्ये फक्त सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले नोंदले गेले. पुढच्या तीन-चार वर्षांत आकडा जवळपास शून्यावर आला. का? कारण जहाजांवर बंदुका आल्या. पहारेकरी असलेलं एकही जहाज सोमाली चाच्यांना नेता आलं नाही, हे जहाजउद्योग गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि कोणी खोडून काढलेलं नाही. हिंदी महासागर एवढा अफाट आहे की जगातली सगळी नौदलं आणली तरी पुरणार नाहीत. मालक स्वतःच्या पैशाने आपल्या माणसांचं रक्षण करत असेल तर त्यात वाईट काय?

---

बोसन_रत्नागिरी

मी डेकवरचा माणूस. पुस्तकं वाचलेली नाहीत, पण एडनचं आखात त्या काळात अनेकदा पार केलंय, म्हणून लिहितो.

निनाद यांचं बरोबर आहे की गार्ड चढले की रात्री झोप लागायची. साधारण चार जणांची टीम असायची. श्रीलंकेत गॉलला किंवा ओमानच्या बाजूला चढायची, लाल समुद्रात उतरायची. पण त्याआधीची कामं आमचीच. रेलिंगला रेझर वायर गुंडाळायची, हात फाटायचे. फायर होजेस बाहेर तोंड करून बांधायचे. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, दोन्ही बाजूंच्या सज्जांवर पुतळे उभे करायचे, लांबून माणसं वाटावीत म्हणून. सिटाडेलमध्ये, म्हणजे हल्ला झाला की आतून बंद करून लपायच्या खोलीत, पाणी, बिस्किटं आणि सॅटेलाइट फोन ठेवायचा. १८ नॉटच्या वर पळणारं जहाज सहसा सापडत नाही, असं आम्हाला सांगायचे. आमचं सुटा माल भरलेलं बल्क कॅरियर १२ नॉटला धापा टाकायचं आणि डेक पाण्यापासून हातभर. म्हणजे कोणत्या जहाजावर भीती जास्त, हे मालकाने कसलं जहाज कुठल्या भावाने घेतलंय त्यावर ठरायचं.

आणि सगळ्या मालकांनी गार्ड घेतले नाहीत. जुनी, चार हात फिरलेली जहाजं तशीच जायची. पकडली जायची तीच. त्यांचा मालक फोनसुद्धा उचलायचा नाही.

‘अस्फाल्ट व्हेंचर’ आठवतं का कोणाला? सप्टेंबर २०१० मध्ये पळवलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण १५ पैकी ७ भारतीयांना चाच्यांनी ठेवून घेतलं. कारण काय, तर आपल्या नौदलाने त्यांची माणसं पकडून मुंबईला आणली होती. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले. चार वर्षं! पकडलेल्या चाच्यांची बातमी आली की घरचे टाळ्या वाजवायचे. आमच्या मेसमध्ये तेव्हा कोणी बोलायचं नाही.

---

मीनल

बोसन, अंगावर काटा आला. लिहीत रहा.

---

कुलाबकर

अलिबागचा आहे, त्यामुळे कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मुंबईकर इंग्रजांच्या कागदपत्रांत ते चाचा. पण त्यांचं म्हणणं साधं होतं : या किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्या. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं कार्ताझ देऊन हेच करत होते आणि ते न घेणाऱ्यांची जहाजं बुडवत होते. कान्होजी मराठ्यांचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, छत्रपतींचे अधिकारी. त्यांचं दस्तक मानायला इंग्रज तयार नव्हते, स्वतःचं मात्र सगळ्यांनी मानावं असं वाटायचं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि हात हलवत परत गेले.

१७५६ ची गोष्ट मला अजून टोचते. विजयदुर्ग पाडला तो इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने, सोबत क्लाइव्ह, पण जमिनीवरून पेशव्यांचीच फौज होती. विजयदुर्ग राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांशी पेशव्यांचं भांडण होतं हे मान्य. पण आपल्या किनाऱ्यावर संरक्षण विकायचा हक्क आपल्याच हाताने इंग्रजांना दिला गेला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर त्यांना आडवं जाणारं आरमार उरलं नाही.

---

पश्चिमवारा

कुलाबकर, दस्तकाचा मुद्दा अगदी नेमका. दुआंची मांडणी तुमच्या कुलाब्याला जशीच्या तशी लागू होते. फरक इतकाच की कान्होजींच्या मागे एक राज्य होतं, सनद होती आणि तहाला बसणारी दुसरी बाजू होती. सोमालियात ते राज्यच नाहीसं झालं होतं.

भाडोत्री सैनिकांचा धडाही आपल्या इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं ते पगारी गारद्यांनी. महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपीय सेनानीकडून उत्तम कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या, पण १८०३ मध्ये इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा त्या फौजेतले बरेच युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले, आणि सेनापती पेराँ ऐन युद्धात इंग्रज सेनापती लेककडे निघून गेला. शिपाई मात्र लासवारीच्या लढाईत शेवटपर्यंत लढले.

निनाद, तुमच्या आकड्यांबद्दल वाद नाही. पण २०११ नंतर चार गोष्टी एकदम घडल्या. पहारेकरी आले, नौदलांचा वावर वाढला, जहाजांनी बोसन सांगतायत ती तयारी केली आणि पुंटलँडमधल्या गावांनी चाच्यांना थारा देणं कमी केलं. यातलं कशाने किती फरक पडला हे वेगळं काढणं फार अवघड आहे. आणि पहारेकऱ्यांचं यश मोजायला पळवलेल्या जहाजांचा आकडा आहे. त्यांनी किती वेळा, कोणावर गोळ्या झाडल्या हे सक्तीने एका जागी नोंदवणारी यंत्रणा नाही. होडीत चाचे होते की जाळं टाकलेले कोळी, हे दूरच्या जहाजावरून कोणी ठरवलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे कुठे लिहिलं जातं?

१५ फेब्रुवारी २०१२. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरून गोळीबार झाला आणि ‘सेंट अँटनी’ बोटीवरचे दोन मच्छीमार मेले. त्या दिवशी ते चाच्यांच्या मुलखात गेले नव्हते. चाच्यांचा मुलूख त्यांच्याकडे आला होता. कारण २०१० मध्ये जहाजउद्योगाने अतिधोक्याच्या क्षेत्राची रेषा पूर्वेला ७८ अंश रेखांशापर्यंत सरकवली. आपला अख्खा पश्चिम किनारा त्या रेषेच्या आत आला. कागदावर ओढलेल्या त्या रेषेमुळे टँकरवरच्या माणसाला प्रत्येक होडी संशयित दिसू लागली. भारताने वर्षानुवर्षं तक्रार केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ती ६५ अंशांवर मागे नेली.

गोळी झाडणारे खाजगी पहारेकरी नव्हते, इटालियन नौदलाचे सैनिक होते. पण इटलीने २०११ मध्ये केलेल्या व्यवस्थेनुसार त्यांचा खर्च जहाजमालक देत होता. खाजगी मालाची राखण, खाजगी पैसा आणि खटला उभा राहिला तेव्हा सरकारी सैनिकाचं संरक्षण. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने हेच मान्य केलं : भारताला भरपाई मिळेल, पण सैनिकांवर खटला भारतात चालणार नाही. दहा कोटी रुपये आले आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. सरकारी आणि खाजगी हिंसेमधल्या ज्या रेषेबद्दल थॉमसन लिहितात, ती या एका व्यवस्थेत पुसली गेली होती. मला ही घटना अन्यायाची वाटते आणि ते मी स्पष्ट लिहितो.

---

निनाद७

लेक्सी प्रकरणात अन्याय झाला हे मलाही मान्य. पण त्यावरून सशस्त्र पहारा बंद करा असं निघत नाही. नियम घट्ट करा असं निघतं. भारतानेच ऑगस्ट २०११ मध्ये भारतीय जहाजांना पहारेकरी ठेवायची परवानगी दिली, ती गरज होती म्हणूनच.

---

माजी_नौसैनिक

नियमांची गोष्ट निघालीय म्हणून तुतिकोरिनचं उदाहरण. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सीमन गार्ड ओहायो’ नावाचं जहाज तटरक्षक दलाने आत आणलं. मालक कंपनी अमेरिकन, झेंडा सिएरा लिओनचा, वर ३५ माणसं : ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि आपले भारतीयही. ३५ रायफली आणि साडेपाच हजारांवर काडतुसं. बंदरं परक्या बंदुका उतरवू देत नाहीत, म्हणून अशी जहाजं समुद्रातच शस्त्रागार बनून उभी राहतात आणि पहारेकरी तिथून चढउतार करतात. जानेवारी २०१६ मध्ये सगळ्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने निर्दोष सोडलं. चार वर्षं ती माणसं अडकून पडली. त्यात बरेचसे सैन्यातून निवृत्त झालेले, घर चालवायला ही नोकरी धरलेले. भाडोत्री बंदूकवाल्याकडे बोट दाखवताना तोही कुणाचा तरी नोकर असतो, हे लक्षात असावं.

आणि चूक फक्त खाजगी माणसाकडून होते असंही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये आयएनएस तबरने चाच्यांची मदर शिप (छोट्या होड्या सोडणारी मोठी बोट) म्हणून जे बुडवलं, ते पळवून नेलेलं थाई ट्रॉलर निघालं. त्यावर ओलीस खलाशी होते, एकच वाचल्याचं पुढे आलं. चाचे पुष्कळदा स्वतःच्या बोटीवर नसतात, ओलिसांच्या बोटीवर असतात. नौदलाने हे नंतर ध्यानात घेतलं. ‘रुएन’ला ४० तास लागले ते म्हणूनच.

---

तारांगण

थोडं अवांतर. एजंटांनी फसवून रशियन सैन्यात भरती केलेली आपली मुलं भाडोत्री सैनिक ठरतात का? आमच्या ओळखीत एका घरात हा घोर लागलेला होता.

---

पश्चिमवारा

तारांगण, अवांतर अजिबात नाही. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा मसुद्यातलं कलम ४७ भाडोत्री सैनिकासाठी सहा अटी घालतं आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात. त्यातली एक अट : तो लढणाऱ्या देशाच्या सैन्यात रीतसर दाखल झालेला नसावा. सैन्याशी करारावर सही झाली की तो त्या व्याख्येतून बाहेर पडतो. ब्रिटिश सैन्यातले गुरखेही त्यात बसत नाहीत ते याचमुळे. त्यामुळे भाडोत्री ठरण्याचा धोका तुमच्या ओळखीच्या मुलाला बहुधा नाही. पण फसवणूक ती फसवणूकच, आणि तिचा गुन्हा एजंटवर लागतो.

कलम ४७ इतकं अरुंद आहे की खरेखुरे भाडोत्री त्यातून सहज निसटतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेतल्या तमिळ गटाची माणसं मालदीवचं सरकार उलथवायला आणली गेली, आपले पॅराट्रूपर आग्ऱ्याहून उडाले आणि ओलीस घेऊन पळणारं जहाज आयएनएस गोदावरीने अडवलं. इतकं उघड उदाहरण विरळा.

---

फोर्टातली_वकील

कोर्टाच्या बाजूने लिहिते, कारण चाचे पकडल्यानंतरची गोष्ट कोणी विचारत नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाहून अ‍ॅल्युमिनियम घेऊन निघालं आणि लुटलं गेलं. चाच्यांनी खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं, जहाजाचं नाव बदलून ‘मेगा रामा’ केलं. नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दल आणि आयएनएस प्रहारने ते गोव्याच्या बाजूला पकडलं. खटला मुंबईत चालला. भारतीय दंडविधानात चाचेगिरीचं कलमच नव्हतं, त्यामुळे दरोड्यासारखी इतर कलमं जोडावी लागली. २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सगळे सुटले.

त्यानंतर २०११ मध्ये नौदलाने शंभरावर सोमाली मुंबईत आणले. तेव्हाही कायदा तोच, तोकडा. त्यांचे खटले अनेक वर्षं चालले. चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये केला. आता विशेष न्यायालय आहे, जन्मठेप आहे, मृत्यू ओढवला तर फाशीही. फाशीच्या तरतुदीबद्दल मला शंका आहे, कारण ज्या देशांत फाशी नाही ते आरोपी आपल्या हवाली करताना अडून बसतील.

पण खरी अडचण साक्षीदारांची आहे. ओलीस खलाशी पाच देशांचे असतात, सुटले की घरी जातात आणि पुढच्या जहाजावर चढतात. त्यांना दोन वर्षांनी मुंबईच्या कोर्टात उभं कोण करणार, तिकीट कोण देणार? पगार बुडेल त्याचं काय? खटले इथे कमजोर होतात. दूरसंवादाने साक्ष घ्यायची सोय आहे, ती प्रत्येक वेळी आग्रहाने मागायला हवी.

---

बोसन_रत्नागिरी

वकील ताई, साक्षीला यायला पोरं तयार असतात. पण मॅनिंग एजंट, म्हणजे खलाशी भरती करणारा, सांगतो, या भानगडीत पडशील तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही. म्हणून गप्प बसतात.

आणखी एक विचारायचंय. ओलीस असताना पगार चालू राहतो का? पूर्वी कितीतरी घरी पैसे यायचे बंद झाले होते.

---

फोर्टातली_वकील

बोसन दादा, आता चालू राहिलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे. चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी धरून ठेवलं तर सुटका होऊन घरी पोचेपर्यंत खलाशाचा नोकरीचा करार आणि पगार चालू मानला जातो. मधल्या काळात कराराची मुदत संपली तरी, मालकाने नोटीस दिली तरी. घरी पाठवायची ठरलेली रक्कमही पाठवत राहावी लागते. मात्र करार खरा आणि नोंदणीकृत एजंटमार्फत झालेला हवा. सही केलेल्या कराराची प्रत घरी ठेवायला प्रत्येक पोराला सांगा. मूळ जहाजावर राहतं आणि अडचण आली की घरच्यांच्या हातात दाखवायला काहीच नसतं. एजंट धमकावत असेल तर नौवहन महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. मसुदा करून द्यायला मी तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.